सायकलीच्या फ्रेमवरील जोडांची सफाई

सायकलीच्या फ्रेमच्या नळ्या जिथे एकमेकींना मिळतात तो जोड दिसायला कसा असावा, याविषयी कारागिरांत आणि ग्राहकांत दोन अभिरुची आढळतात. एकीला वेल्डिंगची ओळ, म्हणजे वितळून थिजलेल्या धातूची एकावर एक किंचित चढलेली वळी, उघडी दिसलेली आवडते, कारण त्या वळ्यांच्या सारखेपणावरून वेल्डरचा हात किती स्थिर होता हे कळते. दुसरीला मात्र सांध्याची खूण कुठेही न राहता एक नळी दुसरीतूनच निघाली आहे असे वाटावे लागते. ही दुसरी आवड गैर मुळीच नाही, परंतु ती पुरवण्यासाठी तयार फ्रेमच्या वेल्डिंगवर कानस चालवणे हा मार्ग धोक्याचा आहे.

गुळगुळीत जोडाची जुनी आणि अस्सल रीत पितळेची आहे. तिच्यात नळ्यांचे पोलाद वितळवले जात नाही. पोलाद वितळण्यास सुमारे १५०० अंश सेल्सियस लागतात, पितळी सळई मात्र ९०० अंशांच्या आसपासच पातळ होते, आणि तापलेल्या नळ्यांच्या कोनात ती भरली की थंड झाल्यावर पोलादाला घट्ट धरून बसते. शिकागोच्या श्विन कंपनीने १९३८ पासून आपल्या काही सायकलींवर अशा पितळभरणीचे जोड हाताने घासून दिले, आणि कॅलिफोर्नियात माउंटन बाइकचा जन्म होत असताना टॉम रिची यांच्या फ्रेममध्येही हीच रीत होती. येथे पितळ मुद्दाम जास्त भरलेले असते आणि ते पोलादापेक्षा मऊ असते, म्हणून अर्धगोल कानशीखाली आधी तेच जाते. पिवळे पितळ आणि करडे पोलाद यांची सीमारेषा कारागिराला सतत दिसत राहते, आणि ती रेषा ओलांडून कानस नळीवर घसरली की नळी पातळ होऊ लागली हे त्याला त्याच क्षणी समजते.

टिग वेल्डिंगमध्ये ही सोय नाही. या पद्धतीत टंगस्टनच्या टोकापासून निघणारी विद्युतज्वाळा आर्गॉन वायूच्या आवरणाखाली नळीचाच धातू वितळवते आणि त्यात सळईचा धातू मिसळते, त्यामुळे जोड कुठे संपला आणि नळी कुठे सुरू झाली हे रंगावरून ओळखता येत नाही. अमेरिकेतील कॅननडेल कंपनीने १९८३ पासून अॅल्युमिनियमच्या सायकली बनवताना गुळगुळीत जोड हीच आपली ओळख केली आणि गॅरी क्लाइन यांच्या फ्रेमही त्यासाठी वाखाणल्या गेल्या. मात्र अशा कामात घासून काढायचा धातू आधीच जादा घातलेला असतो. शिवाय ६०६१ जातीचे अॅल्युमिनियम वेल्डिंगच्या आचेने जोडालगत मऊ पडते, म्हणून त्याच्या फ्रेमला वेल्डिंगनंतर पुन्हा तापवून, झटकन थंड करून आणि मग मंद आचेवर ठेवून मूळची ताकद परत द्यावी लागते. कारखान्यातली ही सफाई जोडाच्या आराखड्याचाच भाग असते. तयार फ्रेमवर मागाहून केलेली घासणी तशी नसते.

पूल किंवा समुद्रातील तेलमंच यांच्या जाड पोलादी पत्र्यांवर वेल्डिंगची कड, म्हणजे जोडाचा धातू मूळ पत्र्याला जिथे मिळतो ती रेघ, घासल्याने जोडाचे आयुष्य वाढते, हे अभियांत्रिकीत सिद्ध झालेले आहे. त्या घासणीत कडेवरील सूक्ष्म दोष निघून जावेत म्हणून दृश्य दोषाच्याही खाली किमान अर्धा मिलिमीटर उतरण्याचा संकेत आहे. चांगल्या पोलादी फ्रेमची नळी टोकांशी जाड आणि मध्ये पातळ अशी ओढलेली असते. तिची जाडी टोकाशी ०.८ किंवा ०.९ मिलिमीटर आणि मध्ये ०.५ किंवा ०.६ मिलिमीटर एवढीच भरते. पुलाला तारणारी घासणी इथे नळीच्या भिंतीचा निम्म्याहून अधिक भाग खाऊन टाकते. त्यात हँडलची उभी नळी आणि खालची तिरकी नळी यांच्या जोडावर रस्त्याचा प्रत्येक हादरा येतो, आणि एका हादऱ्याने न तुटणारा धातू लाखो हादऱ्यांनी तडकतो, ज्याला धातूचा थकवा म्हणतात.

म्हणून तयार फ्रेमवर धातू काढण्याऐवजी भर घालणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. रंग रसायनाने उतरवून, जोड स्वच्छ करून, वळ्यांमधल्या खाचा धातूचे चूर्ण मिसळलेल्या इपॉक्सीने भराव्यात आणि घासावी ती ही भरणीच. मोटारींच्या गॅरेजमधली पॉलिएस्टरची पुट्टी हवेत वाळणाऱ्या रंगाखाली चालते, पण पावडर कोटिंगसाठी फ्रेम १८० ते २०० अंशांच्या भट्टीत जाते आणि तिथे ती टिकत नाही. त्या कामासाठी भट्टी सोसणारी इपॉक्सीच निवडावी लागते. पॉलिश पेपरची पट्टी नळीभोवती गुंडाळून, बूट चमकवताना फडके ओढतात तशी ओढण्याची सवय अनेकांना असते. तिने काम भराभर होते, पण खाली धातू लागला तर त्यावर नळीभोवती आडवे ओरखडे उठतात आणि वाकवणारा ताण नळीच्या लांबीने जात असल्याने असा आडवा ओरखडा तड्याची सुरुवात ठरू शकतो. हात नेहमी नळीच्या लांबीनेच फिरवावा.

भरणीचे एक वैगुण्यही आहे. जोडावर थेट रंग असेल तर कडेला पडलेला तडा रंगातून बारीक रेघ होऊन वर येतो आणि पोलादी फ्रेमवर त्यातून गंज पाझरतो, त्यामुळे सायकल पुसताना तो नजरेस पडतो. जाड भरणीखाली तोच तडा बराच काळ लपून राहू शकतो. म्हणून भरणी खाचांपुरतीच पातळ ठेवावी, जोडाची कड शक्यतो उघडी सोडावी, आणि ज्या जोडावर आधीच तड्याची शंका आहे त्यावर भरणी मुळीच न घालता तो प्रथम जाणकार वेल्डरकडून तपासून घ्यावा.