अपेक्षा आणि उपेक्षा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत शिकलो. सत्तरी ओलांडल्यावरही या व्यासपीठावर उभे राहताना गृहपाठ दाखवावयास आलेल्या विद्यार्थ्यासारखी माझी अवस्था झाली आहे. मराठीच्या प्राध्यापकाने हॉकीवर काय बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. माझे लक्ष मैदानात धावणाऱ्या अकरा जणांपेक्षा मैदानाबाहेरच्या कोट्यवधींकडे, म्हणजे आपणा सर्वांकडे, अधिक आहे.

१९६४ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्याची बातमी ऐकण्यासाठी आम्ही मुले गुरुजींच्या ओट्यावर जमलो होतो. भारताने पाकिस्तानला १-० असे हरविल्याचे रेडिओने सांगितले. आम्ही ओरडलो, नाचलो; पण आमच्यापैकी एक जण हिरमुसून म्हणाला, "एकच गोल?" गुरुजींनी त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, "आपल्यावर एकही गोल का झाला नाही, ठाऊक आहे? गोलरक्षकाचे नाव सांग पाहू." नाव कोणालाच सांगता आले नाही. गुरुजी म्हणाले, "शंकर लक्ष्मण. आपल्या महूचा आहे." तो प्रश्न गेली साठ वर्षे माझ्या मनात आहे.

'एकच गोल?' असे विचारणाऱ्या त्या मुलाचा दोष नव्हता. तो ज्या इतिहासावर वाढला होता, तो इतिहासच तसा होता. १९२८ साली ॲमस्टरडॅमला भारतीय संघाने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळविला. स्वातंत्र्य मिळून वर्ष होते न होते तोच, ऑगस्ट १९४८ मध्ये, लंडनच्या वेम्बली मैदानावर ब्रिटनच्याच संघाला ४-० असे नमविले. त्या संघाचे कर्णधार किशनलाल हेही महूचे. १९२८ ते १९५६ या काळात भारताने सहा ऑलिम्पिक स्पर्धांत सहा सुवर्णपदके जिंकली, १७८ गोल केले आणि अवघे सात स्वीकारले.

एवढे यश सतत मिळू लागले की पाहणाऱ्याच्या मनात एक बदल होतो. पहिल्या विजयाचे त्याला आश्चर्य वाटते, दुसऱ्याचा अभिमान वाटतो. सहाव्या विजयाच्या वेळी तो केवळ येणे वसूल झाल्याची नोंद करतो. खेळाडू मात्र प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात करीत असतो. ९ सप्टेंबर १९६० रोजी रोम येथे पाकिस्तानने आपल्याला एका गोलाने हरविले. त्यापूर्वी ऑलिम्पिकमध्ये आपण सलग ३० सामने जिंकले होते. तीस विजयांवर त्या एका गोलाने बोळा फिरविला आणि रौप्यपदक ही मानहानी ठरली. त्या पराभवाचा भार वाहिलेले शंकर लक्ष्मणच चार वर्षांनी टोकियोत पुन्हा गोलापुढे उभे राहिले.

पुढे काळ बदलला, खेळही बदलला. १९७५ मध्ये क्वालालंपूरला भारताने विश्वचषक जिंकला. उपान्त्य सामन्यात हरता हरता बरोबरी साधून देणारे अस्लम शेरखान भोपाळचे. पण दुसऱ्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानावर फेकला गेला. आपल्या खेळाडूंची कला माती आणि गवतावर पोसलेली होती. नव्या मैदानावर चेंडू सपाट आणि वेगाने धावे. तेथे वळसे घेण्याच्या कौशल्याइतकीच दमसासाची व जोरकस फटक्याची गरज होती. तशी मैदाने आपल्याकडे पुष्कळ वर्षे दुर्मीळच होती. मुलांना सरावासाठी ते मैदान आपण दिले नाही. सुवर्णपदक मात्र पूर्वीच्याच हक्काने मागत राहिलो.

या मागणीला कधी कधी किती विषारी रूप येते, हेही पाहिले पाहिजे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत पाकिस्तानने आपल्याला ७-१ असे हरविले. तेव्हाचे गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्यावर देशद्रोहाचा आळ घेण्यात आला. सोळा वर्षांनी, १९९८ मध्ये, बँकॉकला भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले, तेव्हा गोलरक्षकांचे प्रशिक्षक हेच नेगी होते आणि कर्णधार होते पुण्याजवळच्या खडकीचे धनराज पिल्ले. त्या विजयानंतर लगेच धनराज व त्यांचे काही सहकारी संघातून वगळले गेले. २०२१ मध्ये टोकियोत महिला संघ उपान्त्य सामना हरला, तेव्हा वंदना कटारिया या खेळाडूच्या हरिद्वारजवळील घरासमोर जातिवाचक शिवीगाळ झाली. ज्या संघाने पहिल्यांदाच उपान्त्य फेरी गाठली होती, त्याच्या वाट्याला हे आले.

भाषेचा अभ्यासक म्हणून येथे एक गोष्ट नमूद करतो. अपेक्षा आणि उपेक्षा हे दोन्ही शब्द 'ईक्ष्' या एकाच धातूपासून झाले आहेत. ईक्ष् म्हणजे पाहणे. परीक्षा आणि प्रतीक्षा हीदेखील त्याच धातूची लेकरे. केवळ उपसर्ग बदलला की आशेने पाहण्याचे दुर्लक्ष होते. व्यवहारातही या दोहोंत फारसे अंतर नसते. जो केवळ विजयासाठी पाहत असतो, त्याची नजर विजय संपताच दुसरीकडे वळते.

याचा दाखला मी दुसऱ्या कोणाचा देत नाही, स्वतःचाच देतो. शंकर लक्ष्मण १९६६ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार होते. सेनादलात ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. निवृत्तीनंतर ते महूलाच राहत होते. खंडव्याहून छोट्या लाइनीने इंदूरला जाताना माझी गाडी कितीतरी वेळा महूला थांबली. मी फलाटावर चहा प्यालो आणि पुन्हा गाडीत बसलो. या गृहस्थांना एकदा भेटून नमस्कार करावा, असे मला कधी सुचले नाही. एप्रिल २००६ मध्ये पायाच्या गँगरीनने, हलाखीत त्यांचे निधन झाल्याची बातमी वाचली, तेव्हा गुरुजींचा ओटा आठवला. नाव मला ठाऊक होते, गावही ठाऊक होते. तरीही मी उतरलो नाही.

आपल्या जैनाबादकरांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. १६३१ मध्ये मुमताजमहलचा देह प्रथम आपल्या अहूखान्यात ठेवला गेला. काही महिन्यांनी तो आग्र्याला नेला. जग ताजमहाल पाहावयास जाते. अहूखान्याकडे कोण फिरकते?

मग अपेक्षा करूच नये काय? अवश्य करावी. अपेक्षेवाचून कोणी मोठे होत नाही, हे शिक्षकाइतके कोण जाणतो? पण अपेक्षा करणाऱ्याने सरावाच्या दिवशीही जवळ असावे आणि पराभवाच्या दिवशीही. इटारसीजवळच्या लहानशा खेड्यातला विवेक सागर प्रसाद अशोककुमारांच्या दृष्टीस पडला, भोपाळच्या अकादमीत घडला आणि टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या संघांतून खेळला. पदकाच्या पुष्कळ आधी कोणीतरी त्याच्याकडे नीट पाहिले होते.

माजी विद्यार्थी मित्रांना माझी एवढीच विनंती आहे. शाळेचा निकाल लागला की पहिल्या आलेल्याचे अभिनंदन आपण करतोच. या वर्षी त्याबरोबर दोन घरी आणखी जा : गेल्या वर्षी पहिला येऊन यंदा मागे पडलेल्या मुलाच्या, आणि ज्याचे नाव कोणीच विचारले नाही त्याच्या. गुरुजींचे स्मरण मला तरी याहून चांगल्या रीतीने करता येईल असे वाटत नाही.