फँटसी फुटबॉल : पहिला संघ निवडताना


इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा फँटसी खेळ खेळून बघायचाय?
तो मोफत आहे.

तुम्हाला 15 खेळाडू निवडायचे असतात, आणि खऱ्या सामन्यांतल्या त्यांच्या खेळावर तुम्हाला गुण मिळतात.
एका क्लबचे जास्तीत जास्त 3.
खेळातल्या काल्पनिक पैशांच्या खर्चाला मर्यादा असते.
म्हणून सगळे पैसे नामवंत स्ट्रायकरांवर उधळू नका.

आधी एकच बघा…
हा खेळाडू दर आठवड्याला मैदानात उतरतो का?
बाकावर बसून राहिलेल्याला गुण मिळत नाहीत.

बचावपटूही मोलाचे.
संघावर गोल झाला नाही, तर त्यांना 4 गुण मिळतात.
कर्णधाराचे गुण दुप्पट होतात.
तो विचारपूर्वक नेमा.

पुन्हा सांगते…
नियमित खेळणारेच खेळाडू निवडा.
आणि आठवड्याच्या पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी निवड बंद होते.
त्याआधी संघ जरूर तपासा!