पंखे पाच, ताप तोच

गेल्या मे महिन्यात आमच्या चिरंजीवांनी शिकवणीचे साठवलेले पैसे खर्चून सुटे भाग आणले आणि गेम खेळण्याचा संगणक घरीच जोडला. सुरू झाला तेव्हा पेढे वाटले. पण गेम लावून दहा मिनिटं होतात न होतात तोच संगणक बंद! ‘आणखी पंखे बसव,’ मी म्हणालो. नागपूरकराला दुसरं सुचणार काय? तीनाचे पाच पंखे झाले, फरक शून्य.

मग त्यानं ‘एचडब्ल्यूइन्फो’ हा तापमान दाखवणारा फुकट प्रोग्रॅम चालवला. ग्राफिक्स कार्ड सत्तरीत, प्रोसेसर मात्र १०० अंशांवर. म्हणजे कॅबिनेटमधली हवा ठीक होती, दुखणं एकाच जागी होतं. प्रोसेसरवरचा कूलर उचलला, तर त्याच्या बुडाला कारखान्यातला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा तसाच! तो सोलला, जुनी पेस्ट पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावली. तोच गेम ७८ अंशांवर चालला. डिसेंबरात आणखी दहाएक अंश उतरले, कारण पंखा खोलीतलीच हवा फिरवतो; खोली चाळिशीत असेल तर प्रोसेसर त्याखाली जाणार कसा?

जादाचे दोन पंखे कपाटात आहेत. दुकानदार परत घेत नाही.