खांद्यापर्यंतचा हात

मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए.ला मराठी घेतलं होतं. जनावरांशी माझा संबंध म्हणजे बकरी ईदच्या आधी दारात बांधलेल्या बोकडाला पाला घालण्याइतका. त्यामुळं पशुवैद्यकाच्या शिक्षणावर मी बोलायला बसलोय हे ऐकून आमच्या घरातही हसले. पण गेली सहा वर्षं घरात दुसरा विषयच नाही, त्याला मी काय करू?

माझ्या भाचीला गुरांचं डॉक्टर व्हायचं होतं. उंची ४ फूट १० इंच, वजन ४३ किलो. ‘नीट’ परीक्षेत गुण चांगले पडले आणि शिरवळच्या महाविद्यालयात जागा मिळाली. पेढे वाटायच्या आधीच नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, “या काडीला बैल आवरेल का?” माझी बहीण त्या रात्री जेवली नाही. खरं सांगायचं तर मनातून मलाही तेच वाटत होतं.

गंमत बघा. प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र तपासतात. हात कोणी तपासत नाही. आणि पुढची साडेपाच वर्षं, त्यातलं शेवटचं एक वर्ष आंतरवासितेचं, निम्मं शिक्षण हातानंच घ्यायचं असतं. गाय गाभण आहे का, हे पाहायला लांब हातमोजा चढवून शेणाच्या वाटेनं हात खांद्यापर्यंत आत घालावा लागतो. आत दिसत काहीच नाही. गर्भाशयाचं कुठलं शिंग जाड झालंय, बदामाएवढं बीजांड कुठं आहे, हे बोटांनी आतड्याच्या भिंतीपलीकडून ओळखायचं. कृत्रिम रेतन करताना तर एक हात आत राहून गर्भाशयाचं तोंड धरतो आणि दुसरा बाहेरून नळी सरकवतो. दोन हात, दोन वेगळी कामं, आणि गाय काही स्वस्थ उभी राहत नाही.

बैल आवरायचं म्हणाल तर त्याला युक्ती आहे. साधारण दहा मीटरचा एक दोर गळ्याला, छातीला आणि पोटाला वेढे देऊन मागं ओढला की एवढा मोठा बैल गुडघे टेकून अलगद आडवा होतो. भाचीनं पहिल्यांदा बैल पाडला तेव्हा फोनवर बोलताना तिला हसू आवरत नव्हतं. “मामू, मी ओढलंच नाही हो, तो आपणहून बसला.”

मला खरं कळलं ते एका म्हशीपाशी. तेव्हा ती आंतरवासितेला होती आणि मी बहिणीकडं गेलो होतो. गावात एक म्हैस सकाळपासून अडली होती. गर्भाशयाला पीळ पडला होता. सरकारी डॉक्टर आले, त्यांनी हात घालून पाहिलं आणि मग भाचीला म्हणाले, “तू बघ. कुठल्या बाजूचा पीळ, सांग.” अंगणात पाच दांडगे गडी उभे होते. या पोरीनं डोळे मिटले, हात आत, गाल म्हशीच्या मांडीला टेकलेला. मिनिटभरानं म्हणाली, “उजवा.” डॉक्टरांनी मान हलवली.

पुढचं काम गड्यांचं. म्हैस उजव्या कुशीवर पाडली, पोटावर एक लांब फळी तिरपी ठेवली. फळीचं एक टोक जमिनीवर, वर एकजण उभा, म्हणजे आतलं रेडकू जागच्या जागी दाबून राहावं. बाकीच्यांनी पाय धरून म्हैस पिळाच्याच दिशेनं झपकन उलथवली. म्हैस फिरते, रेडकू फिरत नाही, पीळ सुटतो. दिशा चुकली तर तोच पीळ आणखी घट्ट होतो. जोर पाच जणांचा होता, पण तो कुठं लावायचा हे ४३ किलोच्या मुलीच्या बोटांनी सांगितलं. रेडकू जिवंत निघालं. म्हशीच्या मालकानं तिला त्यानंतर पहिल्यांदा “मॅडम” म्हटलं, त्याआधी “ए पोरी” चाललं होतं.

अंग बघून माणूस नाकारायची रीत जुनी आहे. आयर्लंडच्या एलीन कस्ट या बाईंनी १९०० साली पशुवैद्यकाचा अभ्यासक्रम पूर्ण केला, पण ब्रिटनच्या रॉयल कॉलेजनं त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही, बाई म्हणून. त्या गप्प बसल्या नाहीत. पदवीशिवाय खेड्यापाड्यातले घोडे आणि गाई तपासत राहिल्या. पदवी मिळाली १९२२ साली. आपल्याकडे डॉक्टरीच्या प्रवेशाला दोन्ही हात धडधाकट हवेत, अशी अट होती. माणसांच्या डॉक्टरीची, गुरांच्या नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अट राज्यघटनेशी विसंगत ठरवली. हात कसा आहे यापेक्षा त्या माणसाला काय करता येतं ते तपासा, असा त्याचा रोख. मला तो पटतो. मात्र हेही खरं, की ज्याचा खांदा वळत नाही त्याला अडलेली गाय सोडवता येणार नाही. ते लपवून त्याचंही भलं नाही आणि गाईचंही नाही. पण पशुवैद्यक म्हणजे फक्त अडलेली गाय नव्हे. प्रयोगशाळा आहे, कोंबड्यांचे रोग आहेत, मांसाची तपासणी आहे. आधीच दार लावून घेण्याची एवढी घाई कशाला?

हे मी तटस्थपणे बोलत नाही. त्या म्हशीनंतर दोन महिन्यांनी, खोड्यात उभी असलेली एक गाय भाचीचा डावा हात आत असताना एकदम खाली बसली. कोपर पिरगळलं. पट्टी, व्यायाम, तीन महिने. आंतरवासिता अडकली. “नाहीतरी हे काम तिचं नव्हतंच,” हे वाक्य पुन्हा घरात आलं, या वेळी सांत्वनाच्या आवाजात, आणि ते जास्त लागलं. हात आता बरा आहे, पण पूर्ण सरळ होत नाही. गाई तपासायची तिची सगळी सवय त्याच हाताची.

तिनं उजवा हात शिकवायला घेतला. लिहिता हात असला तरी आतलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी बहिणीच्या जुन्या दुपट्ट्याची पिशवी करायची, आत चणे, वाटाणे, बदाम, मनुका, पाण्यानं भरलेले छोटे फुगे. डोळ्यांवर रुमाल. मी एकेक वस्तू टाकायचो आणि ती कापडावरून चाचपून सांगायची. पहिल्या आठवड्यात चणा आणि वाटाणा यांतला फरकही कळेना. ती चिडायची आणि पिशवी फेकायची. मी उचलून आणायचो.

रमजानच्या एका संध्याकाळी मी मुद्दाम खजुराची बी टाकली. बराच वेळ बोटं कापडावर फिरत होती. मग ती म्हणाली, “मामू, हा बदाम नाही. याला मधे खाच आहे. इफ्तारीची बी टाकलीत ना तुम्ही?”

पुढच्या सोमवारी ती कामावर रुजू झाली.