धुराला नियम हवा, चुलीवर बंदी नको

(शहराच्या कडेच्या एका वस्तीत, थंडीच्या तोंडावर झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा काहीजणी हसल्या. हुंडा, मारहाण, रेशन हे सोडून बंबाच्या आणि भट्टीच्या धुरावर काय बोलायचं? पण थंडीच्या दिवसांत आमच्या सल्ला केंद्रात शेजारणी-शेजारणींची जी भांडणं येतात, त्यांत नळाच्या खालोखाल नंबर धुराचा असतो. आणि हे भांडण दोन बायांचं दिसत असलं, तरी त्याची मुळं घरखर्च, जागा आणि निर्णय कोण घेतं यांत असतात.

अंगणात बंब कोण पेटवतं? आपण. पाणी सगळं घर वापरतं. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, गॅसची जोडणी बाईच्या नावावर झाली. चांगलंच झालं. पण सिलिंडर भरायचे पैसे तिच्या हातात असतातच असं नाही. मग गॅस स्वयंपाकापुरता पुरवायचा आणि अंघोळीचं पाणी लाकडावर तापवायचं, हा हिशेब आपणच घालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरगुती इंधनाच्या धुराने जगभरात सुमारे ३२ लाख माणसं मेली. चुलीजवळ सगळ्यात जास्त वेळ बाया आणि त्यांच्या कडेवरची मुलं असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता एक प्रकरण सांगते. एक बाई घरामागच्या बोळात भट्टी लावून शेव-चिवडा तळते. नवरा कामावर जात नाही, चार माणसांचं पोट त्या भट्टीवर आहे. जळण म्हणून ती सुताराकडचे तुकडे आणते, कारण ते जवळपास फुकट मिळतात. मागच्या घरात दम्याची म्हातारी. दिवाळीच्या आधी भट्टी रात्री अकरापर्यंत चालायची आणि म्हातारी उशाला पंप घेऊन बसून रात्र काढायची. दोन्ही घरांतले पुरुष हमरीतुमरीवर आले. कोणी म्हणालं, महापालिकेला सांगून भट्टीच उचलायला लावा. सांगा, यात कोणाची बाजू घ्यायची? एकीचा श्वास खरा आहे आणि दुसरीची भाकरीही खरी आहे.

आम्ही दोघींना एकत्र बसवलं आणि आधी धूर होतो कशाने ते पाहिलं. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असू शकतं. त्या पाण्याची वाफ करण्यातच आच खर्ची पडते, लाकूड नीट पेटत नाही, नुसतं धुमसतं. सुताराचे तुकडे कोरडे असतात, पण प्लायवूडमध्ये डिंकासारखी रसायनं असतात, वर रंग-पॉलिश असतं. ते जळलं की विषारी वायू निघतात. धुराडं छपराच्या खाली असलं तर धूर सरळ शेजारच्या खिडकीत जातो. शिवाय थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, धूर वर न चढता गल्लीतच साचून राहतो. म्हणजे दोष भट्टीचा कमी, जळणाचा, धुराड्याचा आणि वेळेचा जास्त.

कायदा काय म्हणतो? सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १३३ होतं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ झालं आहे. एका बेकरीच्या भट्टीचं आणि धुराड्याचं प्रकरण या जुन्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी न्यायालयाने निकाल दिला की लोकांच्या आरोग्यासाठी भट्टी आणि धुराडं काढलंच पाहिजे, पण त्या जागी बेकरीचा धंदाच करू नये, असा हुकूम देणं गरजेपलीकडचं आहे. हा फरक लक्षात ठेवा. धूर थांबवणं वेगळं, पोटावर पाय देणं वेगळं.

अलीकडे जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. हवेसाठी ते हवंच होतं. पण नवी भट्टी बसवायला भांडवल लागतं. मोठा दुकानदार कर्ज काढेल, बोळातल्या बाईला तारण कुठलं? म्हणून नियमाबरोबर पैशाची सोय मागितलीच पाहिजे.

परदेशातही हे भांडण आहे. अमेरिकेत घराबाहेर खोपटात लाकडाची मोठी भट्टी ठेवून नळांतून गरम पाणी घरात फिरवतात. तिथल्या व्हर्माँट राज्याने १९९७ साली नियम केला की अशी नवी भट्टी शेजारच्या घरापासून किमान २०० फूट लांब हवी, आणि ५०० फुटांच्या आत घर असेल तर धुराडं त्या घराच्या छपरापेक्षा उंच हवं. आपल्या वस्तीत २०० फुटांत दोन गल्ल्या बसतात! अंतराचा नियम आपल्या कामाचा नाही. उंचीचा मात्र आहे.

त्या दोघींनी जे ठरवलं, त्यावरून मी चार नियम मांडते. एक, जळण वाळलेलंच असावं. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, प्लास्टिक, टायर अजिबात नाही. दोन, भट्टीला धुराडं हवं आणि ते लगतच्या छपरांच्या वर न्यावं. तीन, वेळ ठरलेली असावी. रात्री आठनंतर भट्टी नाही, आणि जास्तीचं काम असेल तर शेजारी आधी सांगायचं. चार, दमेकरी, बाळंतीण किंवा तान्हं मूल असलेल्या घराचं म्हणणं आधी ऐकायचं.

आणि एक इशारा. शेजारी ओरडतात म्हणून बंब उचलून बंद मोरीत नेऊ नका. धुमसत्या लाकडातून, कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातो. तक्रारीला उत्तर म्हणून जीव देऊ नका.

हे नियम करायचे कोणी? आजवर आपल्या चुलीबद्दल ठरवणाऱ्या बैठकीत आपण नसायचो. गावाकडच्या बहिणींना ग्रामसभेआधीच्या महिला सभेत हा विषय घेता येतो. आपण वस्तीची बैठक बोलवू, नियम कागदावर घेऊ, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊ आणि त्याची प्रत नगरसेवकाला देऊ. त्यासोबत मागणी ठेवू की गॅसच्या शेगडीसाठी बचत गटांना बिनतारण कर्ज मिळावं. आणि घरातल्या पुरुषांना सांगू की सरपण फोडणं, वाळवणं, धुराडं साफ करणं ही कामं तुमचीही आहेत. गरम पाण्याने अंघोळ तुम्हीही करता.

त्या बाईची भट्टी आजही चालू आहे. धुराड्याच्या पत्र्याचा निम्मा खर्च गटाच्या कर्जातून झाला. म्हातारीचा दमा गेलेला नाही, पण तिला रात्री झोप लागते. दोघी अजून फारशा बोलत नाहीत. चालेल. नियम पाळायला मैत्रीच असावी लागते असं नाही.

येत्या रविवारी प्रत्येक गल्लीतून दोघीजणी या. एक भट्टी किंवा बंब पेटवणारी आणि एक तो धूर सोसणारी.