बाळाची लस आणि आईची तपासणी
(जयपूर येथील मराठी कुटुंबांसाठी दिलेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



गर्भारपणात वाढलेली साखर प्रसूतीनंतर बहुधा काही दिवसांतच उतरते आणि मधुमेह गेला, असे घरात मानले जाते. हा समज धोक्याचा आहे. ज्या स्त्रीला गर्भारपणात मधुमेह झाला, तिला पुढील आयुष्यात मधुमेह होण्याचा संभव इतर स्त्रियांच्या तुलनेत सात ते दहा पट असतो.

याचे कारण समजून घ्यावे. गर्भारपणात वारेतून स्रवणारी संप्रेरके इन्सुलिनच्या कार्यास विरोध करतात. स्वादुपिंड अधिक इन्सुलिन निर्माण करून ती तूट भरून काढते. ज्या स्त्रीचे स्वादुपिंड येथे अपुरे पडते, तिची साखर वाढते. वार पडताच विरोध सरतो. स्वादुपिंडाची उणीव मात्र राहू शकते.

राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीची तपासणी पहिल्याच भेटीत व्हावी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात; त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक आढळल्यास उपचार सुरू होतात. ती कमी असल्यास २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा तपासणी करतात. आरंभी दोन आठवडे आहारनियमन व चालणे, आणि तेवढ्याने न भागल्यास औषध किंवा इन्सुलिन, असा क्रम असतो.

प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी हीच तपासणी पुन्हा करावयाची असते, आणि नेमकी तीच सुटते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. जयपूरच्या लेकी-सुना चांदपोलच्या जनाना रुग्णालयात, सांगानेरी गेटजवळील महिला चिकित्सालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवितात; सातव्या महिन्यानंतर पुण्यास, नागपुरास वा आणखी कोठे माहेरी जातात आणि बाळ काही महिन्यांचे झाल्यावर परततात. येथील डॉक्टरांस वाटते, तपासणी तिकडे झाली असेल. तिकडील डॉक्टरांस पूर्वीची साखर ठाऊक नसते. दोन्ही घरांची माया असूनही त्या बाळंतिणीची तपासणी कोणाकडेच राहत नाही.

यावर उपाय सोपा आहे. सव्वा महिना संपतो त्याच सुमारास, सहाव्या आठवड्यात, बाळाच्या पेंटाव्हॅलंट व पोलिओच्या लसी असतात. बाळाला लसीसाठी नेताना आईचीही साखर तपासून घ्यावी. ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी साखर १४० पेक्षा कमी असल्यास ती सामान्य होय. १४० ते १९९ असल्यास सावधगिरीची पायरी आणि २०० किंवा अधिक असल्यास मधुमेह समजावा. निष्कर्ष चांगला आला तरी दरवर्षी तपासणी चालू ठेवावी.

ज्यांना आधीपासूनच मधुमेह आहे, त्यांनी गर्भधारणेपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. साखर आटोक्यात आणणे, डोळ्यांचा पडदा व मूत्रपिंडे तपासणे आणि फॉलिक ॲसिड सुरू करणे ही कामे तेव्हाच करावयाची असतात. रक्तदाबाची व कोलेस्टेरॉलची काही औषधे गर्भास अपायकारक असल्याने ती बदलावी लागतात. मात्र कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. प्रसूती होताच इन्सुलिनची गरज एकदम घटते, म्हणून मात्रा डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावी.

आता वडीलधाऱ्या स्त्रियांस एक विनंती. डिंकाचे व अळिवाचे लाडू, शिरा, खीर हे सारे आपण प्रेमाने करता. परंतु मधुमेह झालेल्या बाळंतिणीस गूळही साखरेइतकाच जपून द्यावा. डाळी, उसळी, पालेभाज्या, दूध, ताक तिला पोटभर द्यावे. बाजरीची भाकरी चांगली, पण तीही मोजून. स्तनपान जन्मानंतर पहिल्या तासातच सुरू करावे. ते बाळास व आईस दोघांनाही हितकारक आहे.

ध्यानी ठेवावे :
• माहेरी जाताना ममता कार्ड व साखरेचे सर्व अहवाल सोबत न्यावेत. परतताना प्रसूतीची कागदपत्रे आणावीत.
• सहाव्या आठवड्याच्या तपासणीची तारीख कार्डावर लिहून घ्यावी आणि घरातील एका व्यक्तीने तिची जबाबदारी घ्यावी.
• पुढील गर्भारपणात पहिल्याच भेटीत मागील मधुमेहाची माहिती द्यावी.
• शंका असल्यास आशा सहयोगिनीस किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारावे.

बाळाची लस घरातील सर्वांच्या लक्षात असते. त्याच दिवशी आईची तपासणीही लक्षात राहावी, एवढीच आपणा सर्वांकडून अपेक्षा आहे.