पासंग
(शेळगावच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



बाजारात तुम्ही तराजू पाहता. रिकामा तराजू उचलला की कधी एक पारडे खाली जाते, एक वर राहते. अशा तराजूत दोन्हीकडे शेर-शेर घातला, तरी दांडी तिरकीच राहणार. मग दुकानदार काय करतो? वर राहिलेल्या पारड्याला एखादा खडा नाही तर लोखंडाचा तुकडा बांधतो. दांडी सरळ होते. त्या तुकड्याला आपण पासंग म्हणतो. आज आम्हाला या पासंगाविषयीच बोलायचे आहे.

तुम्ही शेतकरी माणसे. एक बैल जोरदार, दुसरा अशक्त, अशी जोडी जुंपायची वेळ तुमच्यावर आली असेल. तेव्हा जुवाची बांधणी अगदी मधोमध ठेवायची नसते. ती जोरदार बैलाकडे थोडी सरकवायची. अशक्त बैलाच्या वाट्याला जुवाची लांब बाजू येते आणि त्याचे ओझे हलके होते. बैल बदलले नाहीत, पण औत सरळ चालले. सगळ्यांना सारखे देणे म्हणजे समानता नव्हे. जो कमी पडतो, त्याला सावरून घेणे म्हणजे समानता.

आता पावसाकडे पाहू. निसर्गाने तो सारखा वाटलेला नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर शंभर इंचांहून जास्त पाऊस पडतो. आपल्या इंदापूर तालुक्यात वीस इंच पडला तरी आपण देवाला नारळ फोडतो. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात या भागाचे फार हाल झाले. त्यानंतर नीरा डावा कालवा खणला गेला आणि १८८५ साली त्याला पाणी आले. भोर तालुक्यात भाटघरचे धरण झाले. डोंगरातले पाणी कोरड्या मुलखात आले. कालवा हा पावसाला लावलेला पासंगच म्हणायचा!

पण मंडळी, एक विषमता मिटली आणि दुसरी उभी राहिली. कालव्याच्या तोंडाशी पाणी भरपूर, शेपटाला टिपूस. इंदापूर तालुका तर या कालव्याच्या शेपटाचा. नियम असा आहे की, पाळी सुटली की आधी शेपटाकडचे रान भिजवायचे आणि मग वर सरकत यायचे. नियम शहाणपणाचा आहे. शेपटाकडचा शेतकरी म्हणजे वर राहिलेले पारडे. पण रात्री कुणी वरच चारी फोडली, तर खालचा माणूस सकाळी खोरे घेऊन कोरड्या चारीत उभा राहतो. तो म्हणतो, "पाणी सुटलं म्हणं, आमच्याकडं कुठं आलं?" त्याला काय उत्तर द्यायचे?

याचे एक उत्तर पुरंदर तालुक्यात सापडले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाच्या इंजिनियरांनी नायगावला पाणी पंचायतीचे काम सुरू केले. तिचे नियम ऐका. पाणी जमिनीवर मोजायचे नाही, माणसांवर मोजायचे. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, आणि एका कुटुंबाला अडीच एकरांपेक्षा जास्त नाही. शंभर एकरवाल्यालाही तेवढेच. ज्याला जमीन नाही, त्यालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. आणि ऊस लावायचा नाही, कारण एकाचा ऊस दहांची ज्वारी पितो. सगळ्यांनी खर्चाचा वाटाही उचलायचा. फुकट काही नाही.

हे झाले रानातले. आता घरात येऊ. चुलीपुढे बसलेली माउली सगळ्यांना सारखे वाढत नाही. औत धरून आलेल्याला दोन भाकरी, लेकराला चतकोर, बाळंतिणीला तूप. हे अगदी बरोबर. पण त्याच घरात दूध लेकाला आणि ताक लेकीला, असेही होते. माउली स्वतः तर उरलेसुरले खाते. इथे पासंग भलत्याच पारड्याला बांधला! जे आधीच खाली गेले होते, त्यालाच आणखी वजन. लबाड दुकानदार असेच करतो.

२००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा हिस्सा लेकाइतकाच झाला. कायद्याने दांडी सरळ केली. पण पुढे काय होते? भाऊ म्हणतो, "ताई, इथं जरा अंगठा दे, तलाठ्याला कागद द्यायचाय." ताई अंगठा देते. तो कागद हक्कसोडपत्राचा असतो. खुशीने सोडले, तर तो तिचा प्रश्न. पण न वाचता सुटले, ते सोडणे नव्हे, ते हिरावणे आहे.

म्हणून आम्ही या वर्गाला फार मान देतो. इथे रात्री कंदिलापुढे असो की दिव्याखाली, तुम्ही अक्षरे गिरवता. आधी सातबारा वाचायला शिका. पाणीपट्टीची पावती वाचायला शिका. कुणी कागद पुढे केला तर म्हणा, "थांब दादा, मला वाचू दे." एवढे एक वाक्य ज्या बाईला म्हणता आले, तिचे पारडे वर लटकत राहणार नाही.

आणि ज्यांना आधीच वाचता येते, त्यांना आमचे एकच सांगणे. तुमचा चष्मा तुमच्या डोळ्यांसाठी आहे, पण तुमचे वाचणे शेजाऱ्यासाठीही असू द्या. उद्या वर्गाला येताना एकेकाला बरोबर घेऊन या.